अंगठ्याचे बूड, कात्री आणि खडू: झिजेच्या संधिवाताचे एक प्रकरण

हे प्रकरण एका ठरावीक व्यक्तीचे नाही. शिवणकाम करणाऱ्या हातांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे. हाताच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे झिजेच्या संधिवातात, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचा उपचार) नेमके काय करते, कुठे अडते आणि का अडते, हे एकाच हाताच्या अंगाने पाहता यावे एवढाच हेतू.

तक्रार

वय ५७, स्त्री, उजवखोरी. ३० वर्षे शिवणकाम, तेही पोटापाण्यासाठी. रोजचे ६ ते ८ तास काम: सकाळी कापड बेतणे आणि कापणे, दुपारी मशीन, संध्याकाळी हातशिलाई आणि काजे-बटण. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या जरा वर, १४ महिन्यांपासून दुखते. सुरुवातीला फक्त कात्री चालवताना दुखायचे. आता किल्ली फिरवताना, बरणीचे झाकण उघडताना, ओले फडके पिळतानाही कळ येते. सकाळी बोटे १५-२० मिनिटे आखडलेली असतात, मग सुटतात. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकाच्या सांध्यांवर टणक गाठी आहेत, पण त्यांचा त्रास फारसा नाही. किमान त्या वेळेला तरी नव्हता.

थेरपीला येण्याआधी दोन उपाय करून झाले होते आणि दोन्ही फसले होते. पहिला, औषधाच्या दुकानातून आणलेला तयार पट्टा: आत धातूची पट्टी, मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत सगळे जखडणारा. तो ४ दिवसांत कपाटात गेला, कारण मनगट जखडल्यावर मशीनवर कापड सरकवताच येईना. दुसरा उपाय कुणीतरी सांगितलेला: मऊ रबरी चेंडू दिवसातून १०० वेळा दाबायचा. तो त्यांनी ६ आठवडे नेटाने केला आणि दुखणे वाढले. हा चेंडू सर्रास सांगितला जातो. या हाताला तो का बाधला, ते पुढे येईलच.

तपासणी

अंगठ्याच्या बुडाशी बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा दिसत होता, खांदा बाहेर यावा तसा. बूड दाबून अंगठ्याचे हाड आत रेटत फिरवले की ओळखीची कळ यायची आणि करकर जाणवायची. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवल्यावर मनगटाच्या कडेला खास दुखले नाही, म्हणजे तिथल्या स्नायुबंधांची सूज नव्हे. रात्री मुंग्या येत नव्हत्या, मनगट वाकवून धरल्यावरही बधिरपणा आला नाही, त्यामुळे नस दबल्याची शक्यता मागे पडली. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत, मनगटाला आणि बोटांच्या बुडांना सूज नाही. हे चित्र झिजेचे आहे, सांधे सुजवणाऱ्या आमवाताचे (रूमॅटॉइड) नाही. आखडलेपणा तासाहून जास्त असता, किंवा दोन्ही हातांची बोटांची बुडे मऊ सुजलेली असती, तर थेरपी सुरू करण्याआधी संधिवाततज्ज्ञाकडे पाठवणे भाग होते.

एक्स-रेत अंगठ्याच्या बुडाचा सांधा (सीएमसी) बराच अरुंद झालेला, कडेला २ मिलिमीटरहून मोठी हाडाची वाढ, शेजारचा मनगटातला सांधा मात्र शाबूत. एक्स-रेवरून या सांध्याची झीज चार टप्प्यांत मांडणाऱ्या ईटन वर्गीकरणात हा तिसरा टप्पा. शेजारचा सांधाही झिजला असता तर चौथा धरला असता. या टप्प्यांवर उपचार ठरत नाहीत. तिसऱ्या टप्प्याचा एक्स-रे असलेली एखादी व्यक्ती दिवसभर काम करते, तर दुसऱ्या टप्प्याचा हात कपही उचलू देत नाही.

मोजमापे अशी. पकडीचा जोर: कोपर ९० अंशांत, यंत्राची मूठ दुसऱ्या खाचेत, ३ प्रयत्नांची सरासरी, उजवा १७ किलो, डावा २१. बाजूची चिमूट, म्हणजे किल्ली धरतो तशी: उजवी ३.५ किलो, डावी ५. अंगठा तळव्यापासून दूर नेणे: उजवा ३५ अंश, डावा ४५. वेदना ० ते १० च्या मापावर: बसून असताना २, कात्री चालवताना ७. हाताच्या कामांच्या १० प्रश्नांच्या प्रश्नावलीत (एफआयएचओए) ३० पैकी १३.

पण कळीचा शोध आकड्यांत नव्हता. बाजूची चिमूट मोजताना अंगठ्याच्या मधल्या सांध्याकडे, म्हणजे एमसीपीकडे, बाजूने पाहिले तर तो २५ अंश मागे वाकत होता. अंगठ्याचा आकार इंग्रजी 'झेड'सारखा होत होता: बूड बाहेर, मधला सांधा आत कोसळलेला, टोक पुढे वाकलेले. डाव्या अंगठ्यात हे फक्त ५ अंश होते.

हा आकार का महत्त्वाचा

बुडाचा सांधा खोगिरासारखा असतो. एकावर एक आडवी ठेवलेली दोन खोगिरे डोळ्यांसमोर आणा. यामुळे अंगठा सगळीकडे फिरतो, पण हाडांच्या आकाराचा आधार कमी. सगळी मदार अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर. कूनी आणि चाओ यांनी १९७७ मध्ये हिशेब मांडला तो या उपचाराचा पाया म्हणता येईल: अंगठ्याच्या टोकाशी १ किलो जोराने चिमूट धरली तर बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब येतो. जोरदार पकडीत हा दाब १२० किलोपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे या बाईंची ३.५ किलोची चिमूट बुडाशी ४० किलोच्या आसपास भरते, आणि तीही ढिल्या झालेल्या, कडेला सरकणाऱ्या सांध्यावर.

अस्थिबंध सैल झाले की अंगठ्याच्या हाडाचे बूड मागे-बाहेर सरकते. अंगठ्याला तळव्याकडे ओढणारा अ‍ॅडक्टर स्नायू जोरकस असतो. तो हाडाचा वरचा भाग आत ओढतो. अंगठा आणि तर्जनी यांमधली बेचकी आक्रसते. मग रुंद वस्तू धरायला जागा कुठून आणायची? मधला सांधा मागे वाकवून. मधला सांधा मागे वाकला की बूड आणखी बाहेर रेटले जाते. हे चक्र एकदा सुरू झाले की प्रत्येक चिमूट सांध्याला थोडी आणखी ढकलते.

आता चेंडूचे. चेंडू दाबताना जोराने राबणाऱ्या स्नायूंत एक हाच अ‍ॅडक्टर. आधीच जो स्नायू अंगठ्याला आत ओढून बूड बाहेर ढकलतो, त्यालाच ६ आठवडे व्यायाम दिला गेला. व्यायाम हवाच होता, पण दुसऱ्या स्नायूंना.

कामाशेजारी बसून

दुसऱ्या भेटीला त्यांना स्वतःची कात्री, खडू, सुई आणि कापडाचे दोन-तीन तुकडे घेऊन यायला सांगितले. ही भेट वगळून उपचार आखणे म्हणजे माप न घेता कापड बेतणे.

कात्री १० इंची, पोलादी, जड. पाती बोथट, म्हणजे कापडाचे ४ थर कापताना मधल्या वेळी पाते अडकते आणि अंगठ्याने जोर लावावा लागतो. कात्री बंद करताना अंगठा दाबतो हे सगळ्यांना ठाऊक असते; उघडतानाही कडीच्या आतून तोच ढकलतो, हे लक्षात येत नाही. म्हणजे एका कापात दोनदा काम. त्यात टेबल कमरेपेक्षा खाली, त्यामुळे कात्री टेबलाला टेकत नाही, हवेत तोलावी लागते.

कात्रीचा त्रास अपेक्षितच होता. खडूने मात्र चकित केले. शिंप्याचा चपटा खडू घासून ३ मिलिमीटर जाडीचा उरलेला. त्या पातळ कडेला बाजूच्या चिमटीत धरून रेघ ओढताना अंगठ्याचे नख बघितले तर नखाखालची गुलाबी छटा पूर्ण पांढरी पडत होती. रेघ हलकीच होती, दाब प्रचंड. वस्तू जितकी पातळ आणि गुळगुळीत तितकी ती निसटू नये म्हणून चिमूट जास्त आवळली जाते. दिवसभरात खडू किती वेळा उचलला जातो हे मोजले तर तो कात्रीच्या मागे नसतो. रुग्ण मात्र खडूची तक्रार कधी करत नाहीत, कारण खडू 'हलका' असतो.

तिसरा गुन्हेगार फोन. गिऱ्हाइकांचे निरोप, मापे, नमुन्यांचे फोटो: उजव्या हातात फोन आणि त्याच अंगठ्याने वर-खाली सरकवणे. ३ दिवसांच्या नोंदवहीत हा वेळ दिवसाला २ तासांच्या वर निघाला.

सीओपीएम या मुलाखतीत (रुग्ण स्वतःच आपल्या कामांना गुण देतो अशी मोजपट्टी) त्यांनी स्वतः पाच कामे निवडली आणि प्रत्येकाला १ ते १० गुण दिले. काम किती जमते: कापड कापणे ३, हातशिलाई ४, फोन ५, झाकण उघडणे २, फडके पिळणे २, सरासरी ३.२. समाधान: अनुक्रमे २, ३, ४, २, १, सरासरी २.४. या मोजपट्टीत सरासरी २ गुणांनी हलली तर बदल खरा मानतात.

उपचाराची दिशा

ठरवले ते एका ओळीत मावते: जोर वाढवण्याआधी चिमटीचा आकार बदलायचा. बाकी सगळे, म्हणजे स्प्लिंट (सांध्याला आधार देणारा, हातावर बसवायचा साचा), व्यायाम, अवजारे, या एका गोष्टीच्या सेवेत.

युरोपीय संधिवात संघटनेच्या (युलार) २०१८ च्या शिफारशींत शिक्षण, काम करण्याच्या पद्धतीतले बदल आणि सहायक साधने प्रत्येक रुग्णाला, व्यायाम सगळ्यांसाठी विचारात घ्यावा, आणि अंगठ्याच्या बुडासाठी स्प्लिंट, तोही दीर्घकाळ वापरायचा, असे सांगितले आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या (अमेरिकन कॉलेज ऑफ रूमॅटॉलॉजी) २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्यायाम आणि अंगठ्याच्या बुडाचा स्प्लिंट यांची शिफारस ठाम आहे. पण स्प्लिंटबद्दलचा पुरावा वाटतो तितका सरळ नाही. २००९ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत रात्रीच्या स्प्लिंटचा पहिल्या महिन्यात काही फरक दिसला नाही, १२ महिन्यांनी दिसला. ब्रिटनमधल्या ऑटर-२ चाचणीत, स्वतःची काळजी घेण्याच्या कार्यक्रमाला खऱ्या स्प्लिंटची जोड दिली काय किंवा आधार न देणाऱ्या दिखाऊ स्प्लिंटची दिली काय, ८ आठवड्यांनी वेदनेत फरक पडला नाही. म्हणून स्प्लिंट हाच उपचार असे रुग्णाला सांगू नये. स्प्लिंट म्हणजे आकार टिकवणारा टेकू. आकार शिकवायला दुसरेच काही लागते.

स्प्लिंट: बनवणे आणि बिघडणे

निवडला तो हातापुरता छोटा स्प्लिंट. मनगट मोकळे, अंगठ्याचे टोक मोकळे, फक्त बूड आणि मधला सांधा धरलेले. छिद्रांचा १.६ मिलिमीटरचा थर्मोप्लास्टिक, म्हणजे उष्णतेने मऊ होणारा, पत्रा. याहून जाड पत्रा सुई धरणाऱ्या हाताला अडचणीचा.

कागदी नमुना आधी हातावर ठेवून पाहायचा. तळव्याकडची कड बोटांच्या मुळाशी असलेल्या आडव्या रेषेच्या अलीकडे थांबली पाहिजे, नाहीतर मूठ मिटत नाही. मनगटाकडची कड मनगटाच्या रेषेच्या आधी थांबली पाहिजे, नाहीतर मनगट वाकवताना ती रुतते. पत्रा ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात मिनिटभर, लिबलिबीत होईपर्यंत. बाहेर काढून टॉवेलवर टिपायचा आणि आधी स्वतःच्या हातावर टेकवून उष्णता तपासायची. पातळ पत्रा मिनिट-दीड मिनिटात घट्ट होतो, त्यामुळे हाताची स्थिती आधीच ठरलेली हवी.

स्थिती अशी: अंगठा आणि तर्जनी मिळून गोल 'ओ', जणू सुई हलकेच धरली आहे. मधला सांधा २० ते ३० अंश पुढे वाकलेला. थेरपिस्टचा एक अंगठा बुडाच्या उंचवट्यावर, हळूच आत रेटणारा. दुसऱ्या हाताची बोटे अंगठ्याचे हाड तळव्यापासून दूर धरणारी. मधला सांधा पुढे वाकलेला असला की बुडाच्या सांध्याच्या तळव्याकडच्या, सहसा आधी झिजणाऱ्या भागावरचा दाब हटतो.

इथे होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे रुग्णाला "हात सैल सोडा" म्हणणे. सैल सोडलेल्या हातात मधला सांधा सरळ किंवा मागे जातो, आणि पत्रा तोच बिघडलेला आकार पक्का करतो. असा स्प्लिंट वेदना थोडी कमी करतोही, कारण हालचाल थांबते. पण काढल्यावर चिमूट होती तशीच.

या प्रकरणात पहिल्या स्प्लिंटने बुडाच्या उंचवट्यावर लाल डाग पाडला. काढल्यानंतर २० मिनिटांतही डाग गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्त करायचा, असा नियम. चूक अशी की उंचवट्यावर आधी मऊ गादीचा छोटा तुकडा ठेवून त्यावरून पत्रा घडवायचा असतो. गादी नंतर काढली की तेवढी पोकळी उरते. ते राहिले होते. गरम हवेच्या बंदुकीने तेवढाच भाग मऊ करून आतून बाहेर ढकलला आणि काम झाले. आतून गादी चिकटवणे हा उलटा उपाय आहे: जागा आणखी कमी होते आणि दाब वाढतो.

तिसऱ्या आठवड्यात तक्रार आली की स्प्लिंट 'सैल पडला'. पाहिले तर अंगठ्याचा भाग चपटा झालेला. तो इस्त्रीच्या टेबलावर, गरम इस्त्रीच्या शेजारी ठेवला जात होता. ७० अंशांना मऊ होणाऱ्या वस्तूला इस्त्रीची सोबत परवडत नाही. पुन्हा पाण्यात घालून नव्याने घडवला. कोमट पाणी आणि साबणाने धुवा, गरम पाण्याने नाही, हे लिहून दिलेच होते. इस्त्रीचे लिहिले नव्हते.

वापर: पहिल्या दिवशी तासभर, मग रोज वाढवत कापण्याच्या आणि इस्त्रीच्या कामात. हातशिलाईला तो अडचणीचा ठरला, म्हणून त्या कामासाठी आणि रात्रीसाठी निओप्रीनचा (रबरासारख्या लवचीक कापडाचा) मऊ पट्टा. हा पट्टा मधला सांधा रोखत नाही, फक्त ऊब आणि हलका आधार देतो. त्यामुळे हातशिलाईत आकाराची जबाबदारी व्यायामावर आली.

व्यायाम

क्रम मोडला तर फायदा होत नाही. आधी बेचकी मोकळी करणे, मग आकार, मग स्थिरता, जोर सर्वांत शेवटी.

बेचकी मोकळी करायला अ‍ॅडक्टरवर, म्हणजे अंगठा-तर्जनीमधल्या मांसल भागावर, हळू दाब, १ ते २ मिनिटे. रुग्ण हा भाग डाव्या हाताच्या चिमटीत धरून दाबतात आणि डावा अंगठा दुखवून घेतात. त्याऐवजी डाव्या हाताच्या बोटाचे वाकवलेले पेर वापरायचे, किंवा पेन्सिलीच्या मागचे रबर. दुखणे १० पैकी ३ च्या वर जाऊ द्यायचे नाही.

आकारासाठी: ६-७ सेंटिमीटर व्यासाच्या प्याल्याभोवती अंगठा आणि बोटांचा 'सी', मधला सांधा किंचित पुढे वाकलेला. ५ सेकंद धरायचे, १० वेळा. मग प्याला काढून तोच आकार हवेत. मग टोकाला टोक लावून 'ओ'. या वेळी "दाबा" असे म्हणायचे नाही, टेकवायचे. आरसा किंवा बाजूने काढलेला फोनचा व्हिडिओ कामी येतो, कारण स्वतःच्या अंगठ्याचा मधला सांधा वरून पाहताना दिसत नाही.

स्थिरतेसाठी तर्जनीचा पहिला डॉर्सल इंटरोसियस, म्हणजे बेचकीच्या मागच्या बाजूला फुगताना दिसतो तो स्नायू. हात करंगळीच्या कडेवर टेबलावर ठेवायचा, तर्जनी सरळ, डाव्या हाताचे बोट तर्जनीच्या बाहेरच्या कडेला. तर्जनी त्या विरोधात अंगठ्याच्या दिशेने रेटायची. हलायची नाही, फक्त जोर. ५ सेकंद, १० वेळा. हा स्नायू अंगठ्याच्या हाडाला बुडाशी धरून ठेवतो, अ‍ॅडक्टर ओढतो त्याच्या विरुद्ध. ४ आठवड्यांनी हाताच्या बोटाऐवजी रबरबँड.

सगळे दिवसातून २ वेळा, १० मिनिटांच्या आत. व्यायामानंतर वाढलेले दुखणे २ तासांत पहिल्या पातळीवर आले नाही तर पुढच्या वेळी निम्मे करायचे, सोडून द्यायचे नाही. सकाळी व्यायामाआधी ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे हात बुडवून बोटे हलवणे. दवाखान्यात मेणाचे स्नान दिले: ५२ ते ५४ अंश, ८ वेळा बुडवून थर जमवायचे, प्लॅस्टिक आणि टॉवेलमध्ये १५ मिनिटे. मेण सुखावते, पण त्याचा फायदा काही तासांचा. तेच मुख्य उपचार झाले तर रुग्ण मेणासाठी येत राहतो आणि चिमूट तशीच राहते.

अवजारे आणि पद्धत

कात्रीला धार लावून घेणे हा सगळ्यांत स्वस्त आणि सर्वांत मोठा बदल ठरला. ४ ऐवजी २ थर एका वेळी. टेबलाची उंची कोपरापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली येईल इतकी वाढवली, पायांखाली ठोकळे देऊन. आता खालचे पाते टेबलावर टेकून सरकते. लांब सरळ कापांसाठी फिरत्या पात्याचा कटर आणि खाली कापण्याची चटई.

चपट्या खडूऐवजी ३ सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या नळीत बसवलेला खडूचा पेन. कापड पकडायला टाचण्या काढून प्लॅस्टिकच्या चापांचा प्रयोग केला, कारण टाचणी बारीक. पण चाप उघडायलाच चिमूट लागते आणि तीही स्प्रिंगविरुद्ध. २ दिवसांत दुखणे वाढले. शेवटी कापताना वजने ठेवायची आणि शिवताना जाड गोल डोक्याच्या मोजक्याच टाचण्या, असे ठरले. सुईला अंगठा आणि तर्जनीवर रबरी बोटटोपी: घर्षण वाढले की आवळणे कमी होते. सुई मागून ढकलायला मधल्या बोटावर अंगुस्तान, म्हणजे पुढून ओढण्याचे काम अर्धे. दोरा कापायला मशीनवरचे पाते. उसवण्याच्या हत्याराला जाड मूठ.

फोन टेबलावर स्टँडवर, तर्जनीने सरकवायचा. लांब निरोप बोलून. झाकणाखाली रबरी जाळी, वर तळवा सपाट दाबून खांद्यातून फिरवायचे, बोटांनी आवळायचे नाही. इथे एक टिपण्णी: आमवाताच्या पत्रकांत झाकण कोणत्या हाताने कोणत्या दिशेने फिरवावे याचे नियम असतात, ते बोटे करंगळीकडे कलू नयेत म्हणून. झिजेच्या पत्रकांत ते तसेच उतरवलेले दिसतात. इथे दिशा गौण, अंगठा आवळला जातो का हे महत्त्वाचे.

पाचव्या आठवड्याची घसरण

मोठे काम आले. ३ दिवस सलग कापणे, तेही नव्या कटरने. अंगठ्याचे दुखणे ५ वर थांबले, हे बरेच. पण तर्जनीचा टोकाचा सांधा लाल, गरम आणि सुजलेला. गाठ आधीपासूनच होती, ती चिघळली.

कारण उघड होते, पाहिल्यावर. कटर मुठीत धरतात आणि जोर वरून तर्जनीच्या टोकाने देतात. अंगठ्यावरचे ओझे काढून ते गाठ असलेल्या सांध्यावर ठेवले होते. हातात एक सांधा वाचवताना ओझे पुढच्या सांध्यावर जाते; नवे अवजार देताना 'आता जोर कुठून लागेल' हा प्रश्न त्याच भेटीत विचारायला हवा होता. तपासणीत गाठींचा त्रास 'फारसा नाही' म्हणून तो सुटला.

उपाय: गरम सांध्याला शेक आणि मेण बंद. ५ दिवस कापणे दिवसाला २० मिनिटांवर. सांध्यावर छोटी नळीसारखी पट्टी, टोक वाकू न देणारी, दिवसभर. डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचे वेदनाशामक जेल. कटर बदलून मूठ दाबल्यावर पाते बाहेर येणारा, तळव्याने ढकलायचा प्रकार, पाते नवे. सूज १० दिवसांत उतरली. मोठ्या कामासाठी वेळापत्रकही ठरले: २५ मिनिटे कापणे, मग मशीन, मग पुन्हा कापणे, दुखेपर्यंत वाट पाहायची नाही, घड्याळावर थांबायचे. हे सगळ्यांत जड गेले, कारण रंगात आलेले काम मोडणे कुणालाच आवडत नाही. मशीनशेजारी गजर ठेवला तेव्हा कुठे जमले.

१२ आठवड्यांनंतर

कापताना वेदना ७ वरून ३. बाजूची चिमूट ३.५ वरून ४.१ किलो, पकड १७ वरून १९. प्रश्नावलीत १३ वरून ७. अंगठा तळव्यापासून दूर ४१ अंशांपर्यंत. सीओपीएममध्ये कापणे ७, हातशिलाई ६, फोन ८, झाकण ७, पिळणे ४, सरासरी ६.४. समाधान ७, ६, ९, ८, ४, सरासरी ६.८.

मधला सांधा लक्ष देऊन चिमूट धरताना ५ अंश मागे जातो. बोलत-बोलत खडू उचलायला सांगितले, की १५ अंश. हा फरक मुद्दाम नोंदवला. लक्ष असताना दिसणारा आकार म्हणजे कौशल्य. लक्ष नसताना दिसणारा म्हणजे सवय. १२ आठवड्यांत पहिले आले, दुसरे अर्धवट.

फडके पिळणे फारसे सुधारले नाही. नळाभोवती फडके गुंडाळून तळव्यांनी पिळण्याची पद्धत त्यांना जमते, पण आवडत नाही. ते काम आता घरातले दुसरे कुणी करते, आणि गुण ४ वरच राहू दिले.

६ महिन्यांनी

दुखणे ३ वर टिकून. एक्स-रे पुन्हा काढलेला नाही; त्याने काही ठरणार नव्हते. व्यायाम दिवसातून एकदा, तर्जनीचा आणि 'ओ'चा एवढेच उरले आहेत. कडक स्प्लिंट फक्त सलग कापण्याच्या दिवशी, मऊ पट्टा बहुतेक रात्री. स्प्लिंटचा पत्रा अंगठ्याच्या कडेला तडकू लागला होता, नवा घडवला. या वेळी उंचवट्यावर गादी ठेवून.

शल्यचिकित्सकांकडे पाठवण्याची अट लिहून ठेवली आहे: बसल्या जागी वेदना ४ च्या वर ६ आठवडे टिकली, रात्री झोपमोड होऊ लागली, किंवा बेचकी पुन्हा आक्रसून अंगठा तळव्यापासून ३० अंशांच्या आत आला तर. सांध्यातले स्टिरॉइडचे इंजेक्शन त्यांना सुचवले गेले होते. त्याचा परिणाम थोड्या काळाचा असतो हे ऐकून त्यांनी ते राखून ठेवले. पुढची भेट ३ महिन्यांनी, कात्री आणि खडूसकट.